गाडीची चावी कोणाकडे असते? : आयुक्त आणि मुख्याधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व महापालिकांचे आयुक्त व नगरपालिकांचे मुख्याधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त अग्निशामक आहे. ३२ वर्षं नोकरी केली, बहुतेक मुंबईच्या आसपास. आता कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर बाकीचे सगळे ‘आमच्याकडे तसं नाही’ म्हणून इथेच थांबतील, आणि हे पत्र त्या बाकीच्यांसाठीच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या पालिकेच्या सभेत एक ठराव झाला. शोध व बचाव पथकातल्या १६ पोरांचं मानधन बंद. पथकाची गाडी अतिक्रमण विभागाकडे वर्ग. कारण एका ओळीत उरकलंय: राष्ट्रीय व राज्य स्तरावर प्रशिक्षित दले उपलब्ध असल्याने स्वतंत्र पथकाची आवश्यकता दिसून येत नाही. ठराव विनाचर्चा मंजूर. त्याच सभेत गावच्या स्वागत कमानीला कोणता रंग द्यायचा यावर चाळीस मिनिटं बोलणं झालं. ज्या गाडीत लोखंड कापायचे कटर, फट फाकवायचे स्प्रेडर, दोरखंड आणि लाकडी ठोकळे असायचे, तिच्यात परवा जप्त केलेल्या भाजीच्या पाट्या पाहिल्या. ठोकळ्यांचं काय झालं ते विचारलं. गोदामात आहेत म्हणाले. गोदामाला कुलूप होतं.

ती १६ पोरं मी शिकवली. त्यातल्या सात जणांनी आपदा मित्र या आपत्तीतल्या स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेतलं १२ दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय, बाकीचे माझ्याकडे रविवारी यायचे. एक वायरमन आहे, दोघं सेंट्रिंगवाले, एकाचं वेल्डिंगचं दुकान, एक शाळेतला शिपाई. वेल्डिंगवाल्याने सभेची बातमी मला फोनवर सांगितली आणि वर विचारलं, "काका, मग रविवारी यायचं का नाही?" पत्र लिहायला बसलो ते त्याच्यामुळे.

आधी ‘एनडीआरएफ आहे ना’, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे ना, या वाक्याबद्दल बोलतो, कारण सगळं त्यावर टेकवलेलं आहे. त्या दलाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो ऐकीव नाही, खांद्याला खांदा लावून काम केल्याचा आहे. १९९३ साली किल्लारी-सास्तूरची घरं झोपेतल्या माणसांवर पडली तेव्हा देशात असं दलच नव्हतं. लोकांनी हातांनी दगड उपसले, मग लष्कर आलं. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि पुढच्या वर्षी हे दल उभं राहिलं. त्यांच्या एका पथकात ४५ माणसं असतात: अभियंते, वीजतंत्री, वैद्यकीय कर्मचारी, श्वानपथक. २०२३ च्या भूकंपात तुर्कस्तानात जाऊन त्यांनी ढिगाऱ्यातून मुली जिवंत काढल्या. त्यांच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही.

पण महाराष्ट्रासाठीची त्यांची पाचवी बटालियन आहे तळेगावजवळ सुदुंबऱ्याला. तिथून महाडला यायचं तर घाट उतरावा लागतो, आणि इमारती बहुतेक पावसाळ्यात पडतात, म्हणजे घाट बंद पडायचे तेच दिवस. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी बसली. पुण्याहून पथकं निघाली ती रात्र घेऊन पोहोचली. सुमारे १९ तासांनी एक चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला, त्यानंतर काही तासांनी एक बाई. १६ माणसं गेली. हे पथकाचं अपयश नव्हे, तितक्या लांबून त्याहून लवकर कोण येणार? मोठी पथकं पोहोचतात तेव्हा पहिले काही तास सरलेले असतात. वरच्या थरातली, हाक देणारी, पाय अडकलेली माणसं त्या तासांत निघतात, आणि ती काढतात शेजारपाजारचे लोक आणि गावातली पोरं. ते तास तुमचे आहेत, आयुक्तसाहेब. ते दिल्लीचे नाहीत, पुण्याचे नाहीत.

कायदाही हेच सांगतो. त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम ४१ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कामं दिली आहेत: आपले अधिकारी व कर्मचारी आपत्ती व्यवस्थापनासाठी प्रशिक्षित असतील हे पाहणं, आणि साधनसामग्री वेळेला ताबडतोब वापरता येईल अशा स्थितीत ठेवणं. कुलपात ठेवणं असं त्यात कुठे नाही.

आता माझं स्वतःचं. दोन पावसाळ्यांपूर्वी, रात्री पावणेदोनला, बाजारपेठेतली एक तीन मजली इमारत बसली. माझं घर तीन गल्ल्या सोडून. आधी वाटलं ट्रक उलटला, मग धूळ नाकात गेली. ओल्या पावसात धूळ आली म्हणजे काय ते ३२ वर्षांच्या नाकाला कळतं. लुंगीवरच धावलो, पळता पळता पोरांना फोन लावले. वीस मिनिटांत नऊ जण हजर.

गाडी आली नाही. गाडीची चावी भांडारपालाकडे आणि भांडारपाल नातवाच्या बारशाला परगावी. तीन वाजता गॅरेजचं कुलूप तोडलं. गाडी आली तर कटरचा पॉवर पॅक सुरू होईना. आठ महिने कोणी चालवला नव्हता, टाकीतलं पेट्रोल खराब झालेलं. सव्वा लाखाच्या की किती लाखांच्या त्या यंत्राला आम्ही तसंच बाजूला ठेवलं आणि ट्रकच्या गॅरेजातून दोन हायड्रॉलिक जॅक आणले. वखारवाल्याला उठवलं. त्याने एक शब्द न विचारता सागाच्या फळ्या, वासे, जे लागेल ते दिलं. त्याचं बिल पालिकेने अजून चुकतं केलेलं नाही, हे जाता जाता.

त्या वाशांचे धिरे, म्हणजे टेकू, दिले, पाचरी मारल्या. काम कसं चालतं ते इथे लिहायलाच हवं, कारण ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी कोणी ते पाहिलेलं नाही. स्लॅब एकावर एक बसतात, पण कुठे कपाट आडवं येतं, कुठे जिन्याचा टप्पा, कुठे फ्रिज, आणि तिथे पोकळी राहते. माणूस जिवंत असेल तर तिथे. त्या पोकळीकडे जायचं तर वरचं ओझं आधी टेकूवर घ्यायचं. जॅकने इंचभर उचललं की इंचभर ठोकळा आत सारायचा, मग पुढचा इंच. घाई केली की वरचा स्लॅब सरकतो आणि पोकळी मिटते. बघणाऱ्याला वाटतं ही पोरं नुसती बसून आहेत.

बघणारे पाचशे होते. साडेतीनला एक ठेकेदार चांगल्या मनाने पोकलेन घेऊन आला आणि गर्दी ओरडू लागली, ‘घाल बकेट, घाल बकेट’. मी पोकलेनच्या पुढे उभा राहिलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ठिकाणी वरून दबाव आला म्हणून पहाटेच यंत्र घातलं होतं. दुपारी ढिगारा उपसताना एक पोकळी सापडली आणि तिच्यातला माणूस रात्रभर जिवंत होता हे दिसत होतं. ते ठिकाण मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

साडेचारला आतून आवाज आला. अशा वेळी एकच करायचं असतं. हात वर, सगळी यंत्रं बंद, कोणी बोलायचं नाही, कोणी हलायचंही नाही. मग हाक मारायची, सळईवर तीनदा ठोकायचं आणि कान लावायचा. माझा हात वर होता आणि त्याच वेळी सायरन वाजवत तीन गाड्या आल्या. नाव घेत नाही. पाहणी झाली, फोटो झाले, मला शाबासकी मिळाली. बारा मिनिटं गेली. सगळ्यांच्या मोबाईलचे दिवे आमच्या डोळ्यांवर होते.

सहाच्या सुमाराला एक बाप आणि मुलगा निघाले. दोघंही आज ठीक आहेत, मुलगा दहावीला आहे. पण आत एक आजी होत्या. दोन्ही पाय बीमखाली, बाकी शाबूत. वायरमन पोरगा त्यांच्या शेजारी पालथा पडून तीन तास बोलत होता. त्यांना काळजी होती ती गॅस बंद केला होता की नाही याची. सव्वासातला आम्ही बीम उचलला. आजी बोलत बोलत बाहेर आल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुग्णवाहिकेत दहा मिनिटांत गेल्या.

का गेल्या ते मला तेव्हाही माहीत होतं. पाय तासन्‌तास दबले की मांसपेशी आत मरू लागतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम आणि बाकीचं विष तिथेच तुंबून राहतं. वजन काढलं की ते एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबतं, नाहीतर पुढे मूत्रपिंडं जातात. म्हणून वजन काढायच्या आधी, माणूस आत असतानाच, सलाईन सुरू करायचं असतं. डॉक्टर आले होते. रस्त्याच्या पलीकडे उभे होते. ढिगाऱ्यावर चढायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, शिकवलं नव्हतं, आणि मीही त्या गडबडीत त्यांना हाताला धरून वर आणलं नाही. बीम उचला असं मीच म्हटलं. हे पालिकेच्या खात्यावर टाकत नाही, हे माझं आहे.

पावणेआठला एनडीआरएफ पोहोचलं. वाटेत दरड पडली होती तरी आले. त्यांच्या अधिकाऱ्याने आमचे धिरे एकेक करून हात लावून पाहिले आणि एकही काढायला लावला नाही. पोरांना त्याचं अजून अप्रूप आहे. वरच्या खोलीत हॉटेलात काम करणारे चौघं राहतात असं कोणी तरी म्हणालं, म्हणून दीड तास ती खोली शोधली. चौघंही रात्रपाळीला हॉटेलातच होते आणि आता गर्दीत उभे राहून आमच्याकडे पाहत होते. इमारतीत किती माणसं झोपतात याची यादी कोणाकडेच नव्हती. घरपट्टीची होती.

तर माझी गाऱ्हाणी अशी.

पहिलं चावीचं. गाडीची, गोदामाची, यंत्राची. यंत्र विकत घेतलं जातं तेव्हा फीत कापतात, हार घालतात, नारळ फोडतात. मग ते दर आठवड्याला दहा मिनिटं चालवायचं कोणी, पेट्रोल बदलायचं कोणी, होजला चीर गेली का बघायचं कोणी, याची ऑर्डर निघत नाही. राज्यात कितीतरी ठिकाणी मी ढिगाऱ्यातल्या जिवंत माणसाचा माग काढणारे लाइफ डिटेक्टर खोक्यातून न काढलेले पाहिलेत. आणि यंत्र असलं तरी ते कुठे वापरायचं नाही हेही कळावं लागतं. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडलं ते पेट्रोल पंपावर. लोखंडाचा डोंगर समोर आणि गॅस कटर लावता येत नाही, कारण ठिणगी पडली की संपलं. १७ माणसं गेली तिथे. असा निर्णय रोज सराव करणारा माणूस घेतो, मागच्या आठवड्यात उद्यान विभागातून बदलून आलेला नाही.

दुसरं, माणसांना धरून ठेवत नाही तुम्ही. अग्निशमन दलात जागा रिकाम्या, त्या कंत्राटावर भरायच्या, कंत्राट अकरा महिन्यांचं. हाताला काम बसेपर्यंत पोरगा निघून गेलेला असतो. आपदा मित्रांना प्रशिक्षण दिलं, पिशवीभर साहित्य दिलं, फोटो काढला, आणि मग विमा संपला कधी हे त्यांनाच माहीत नाही. हे काम जिवावरचं आहे हो. दर १४ एप्रिलला आपण १९४४ च्या गोदी स्फोटातल्या ६६ अग्निशामकांना फुलं वाहतो. मे २०१५ मध्ये काळबादेवीला जळती इमारत अंगावर येऊन चार अधिकारी गेले. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीला रस्ता नाही, यंत्र चढत नाही, म्हणून माणसं चालत गेली आणि एक अग्निशमन अधिकारी त्या चढावरच गेला. वेल्डिंगवाल्या पोराला असं काही झालं तर त्याच्या बायकोला कोणत्या खिडकीवर पाठवायचं, एवढंच सांगा.

तिसरं नोटिशीचं. मे महिना आला की धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात. नगरपालिकांच्या कायद्यात कलम १९५ आहे, महापालिकांच्या कायद्यात ३० वर्षांवरच्या इमारतींसाठी कलम २६५ अ आहे, सी-१ (अतिधोकादायक) पासून सी-३ (किरकोळ दुरुस्ती) पर्यंत वर्ग आहेत. दारावर नोटीस चिकटते, पावसात भिजते, गळून पडते. भाडेकरू जात नाहीत म्हणून तुम्ही हात झटकता. ते का जात नाहीत हे तुम्हाला माहीत आहे: खोली सोडली की हक्क गेला, आणि जायचं कुठे हे नोटिशीत लिहिलेलं नसतं. शिवाय सगळ्या पडणाऱ्या इमारती जुन्या नसतात. २०१३ साली शिळफाट्याला पडली ती बांधून पुरी व्हायची होती, ७४ माणसं मेली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला पडली ती अनधिकृत होती, १७ गेली, आणि गल्ली इतकी चिंचोळी की यंत्र आत जाईना, सुरुवातीला हातांनीच राडारोडा काढावा लागला. ती गल्ली एका रात्रीत चिंचोळी झाली नव्हती.

चौथं सायरनवाल्या गाड्यांचं. ते वर सांगून झालं.

कोणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा. ठाणे महापालिकेने स्वतःचं टीडीआरएफ, म्हणजे ठाणे आपत्ती प्रतिसाद दल, उभं केलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीची जिलानी इमारत पहाटे झोपेत पडली तेव्हा ते पथक शेजारच्या शहरात जाऊन एनडीआरएफच्या बरोबरीने दिवसचे दिवस राबलं. म्हणजे स्थानिक संस्थेला हे जमतं. आमच्यासारख्या लहान गावाला तेवढं मोठं नको. आमच्या १६ पोरांचं वर्षाचं मानधन किती होतं ते मी काढलं. कमानीच्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी होतं.

मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक शहराचं स्वतःचं पथक असावं, निदान वीस जणांचं. त्यात सेंट्रिंगवाला, वायरमन, वेल्डर, गवंडी हवेत, कारण इमारत कशी बांधतात हे ज्याला कळतं त्याला ती कशी पडली हेही कळतं. त्यांचा विमा पालिकेने भरावा आणि तो चालू आहे याचा कागद दरवर्षी १ मे रोजी सूचनाफलकावर लावावा.

गाडी आणि यंत्रं अग्निशमन केंद्रात राहावीत, चावी ड्युटीवरच्या माणसाच्या कमरेला. यंत्र दर सोमवारी चालवावं आणि वहीत सही करावी. ती वही कोणाही नागरिकाला बघता यावी.

पोकलेनवाले, क्रेनवाले, वखारवाले, गॅरेजवाले, वेल्डर यांचे रात्री उचलले जाणारे नंबर एका कागदावर असावेत आणि त्यांची बिलं महिन्याभरात चुकती व्हावीत. नाहीतर पुढच्या वेळी वखारवाला दार उघडणार नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

घटनास्थळी हुकूम एकाचाच चालेल, आणि तो पथकप्रमुखाचा. ढिगाऱ्यात माणूस असण्याची शक्यता आहे तोवर कोणाचीही पाहणी नको, मग तो कोणीही असो. हे लेखी परिपत्रकात असावं. तोंडी सांगितलेलं फौजदाराला ऐकायला सोपं जातं, पाळायला नाही.

प्रत्येक तालुक्याला निदान दोन डॉक्टर असे तयार करावेत जे हेल्मेट घालून आत शिरतील आणि वजन उचलायच्या आधी सलाईन लावतील. ही मागणी मी सगळ्यांत शेवटी लिहिणार होतो, पण ही आधी करा.

अतिधोकादायक इमारतींतल्या लोकांना नोटिशीबरोबर दोन गोष्टी द्या: त्यांचा हक्क शाबूत असल्याचं लेखी पत्र आणि पावसाळ्यापुरत्या निवाऱ्याचा पत्ता. आणि तिथे रात्री कोण कोण झोपतं याची यादी करून अग्निशमन केंद्रात ठेवा. आमच्या गावात अशा ११ इमारती आहेत. त्यांतल्या एकीत माझी बहीण राहते, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला. तिच्या घरात चौघं असतात, गणपतीत नऊ.

आमच्या पालिकेने ठराव मागे घ्यावा हे वेगळं लिहीत नाही, ते त्यांना अर्जाने दिलं आहे आणि पोच घेतली आहे.

१६ पैकी ११ पोरं अजून येतात, रविवारी सकाळी सातला, जुन्या बाजारतळामागे. दोरखंड माझे आहेत, ठोकळे वखारवाल्याने पुन्हा कापून दिलेत, जॅक गॅरेजवाला तेवढ्यापुरता देतो. परवा भर पावसात त्यांनी काँक्रीटच्या जुन्या पाइपवर धिरे दिले, सतरा मिनिटं लागली. पूर्वी बावीस लागायची. तुमच्यापैकी कोणाला बघायला यायचं असेल तर जरूर या, फक्त गाडी नाक्यावर ठेवा आणि चालत या.

आपला,
एक निवृत्त अग्निशामक